दुसरी लहर येईपर्यंत

बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर खिळ्याला एक दिनदर्शिका लटकते. तिच्या तळाला पत्र्याची कड आहे आणि पंख्याच्या वाऱ्याने त्या कडेचा कोपरा भिंतीवर घासत राहतो. वर्षानुवर्षं एकाच खिळ्याला दिनदर्शिका लागत गेल्या, त्यामुळे पांढऱ्या रंगावर एक काळसर कंस उमटला आहे, अगदी ठसठशीत. तो कंस जिथे संपतो तिथून पुढे एक नवी रेघ गेली आहे. बारीक, एकदाच ओढलेली, टोकाशी फिकी होत गेलेली. दीपाने कॉलेजच्या पिशवीतून मोजपट्टी काढून ती मोजली. अकरा मिलिमीटर. मग तिने पंखा पाचवर करून पाहिला. कोपरा जुन्या कंसाच्या बाहेर गेला नाही. म्हणजे रेघ त्या सकाळची, भूकंपाचीच होती. अर्थात ही नोंद जमिनीची नव्हे, इमारतीची. खाली पार्किंगचे उघडे खांब, वर पाण्याची टाकी आणि मध्ये तिसऱ्या मजल्यावर हे घर, असं सगळं मिळून जेवढं डोललं तेवढी. तिने मोजपट्टी पुन्हा पिशवीत ठेवली. एकही कप फुटला नव्हता, भिंतीला तडा नव्हता. या रेघेखेरीज घरात त्या सकाळचा काही पुरावा उरला नव्हता, आणि याचं तिला बरं वाटायला हवं होतं.

ओट्यावर दोडक्याची भाजी शिजत आली होती. मीठ घालायच्या आधी तिने एका वाटीत भाजी काढून घेतली, वर झाकण ठेवलं, आणि मग उरलेल्या भाजीत मीठ टाकलं. आमटीचंही तसंच केलं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज असं चाललं होतं. सासूबाईंनी मीठ सोडलं होतं. त्यांचं नाव सीताबाई, पण घरात, इमारतीत आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळे त्यांना अक्काच म्हणत. काहीतरी सोडणं अक्कांना नवं नव्हतं. पर्वाच्या दिवसांत त्या कधी तूप सोडत, कधी गूळ, पण ते आधी सांगून, कशासाठी आणि कधीपर्यंत हे ठरवून. या वेळी ताटावर आडवा हात धरून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “मला मीठ घालू नगंस.” दीपाचा नवरा अरिहंत जेवता जेवता म्हणाला, “मोठ्या संकटातनं वाचलो म्हणून असंल.” अक्कांनी भाकरीचा तुकडा अळणी आमटीत बुडवला आणि सावकाश चावला. दीपाला कारण माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं, आणि खात्री करून घ्यायची तर एक वाक्य बोलावं लागणार होतं. ते वाक्य ती रोज ओट्याशी जुळवत होती आणि रोज ताट वाढताना गिळत होती.

त्या सकाळीही ती इथेच उभी होती. ती शिकवते त्या कॉलेजला सुट्टी होती, अरिहंत उद्यमनगरातल्या वर्कशॉपवर गेला होता. अक्का बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली चटईवर सामायिकाला बसल्या होत्या. पांढरं लुगडं, मांडीवर एकावर एक ठेवलेले तळवे, मिटलेले डोळे, शेजारी गजराचं घड्याळ. सामायिक म्हणजे दोन घटका स्वतःला एका जागी बांधून घेणं. गजर होईपर्यंत ही चटई सोडणार नाही, तोंडातून शब्द काढणार नाही, असं त्या मनाशी ठरवून बसत, मग दारावर कुणी येवो की दूध उतू जावो. दीपाही जैन घरातलीच, पण तिला हे कधी जमलं नव्हतं. “एकदा माझ्याजवळ बसून तर बघ,” असं अक्का सुरुवातीला म्हणायच्या. “बघू, परीक्षा संपू देत,” असं दीपा म्हणायची. परीक्षा कॉलेजात कायमच असतात. पुढे अक्कांनी म्हणणं सोडलं. अलीकडे त्यांचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी खुर्चीवर बसा म्हणून सांगितलं, ते त्यांनी ऐकलं नाही. गजर झाल्यावर पायांना मुंग्या आलेल्या असत आणि दीपाने काखेत हात घालून उठवल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. हे दीपाला माहीत होतं. इतरांना नव्हतं.

पहिला हादरा इतका लहान होता, की त्याला हादरा म्हणणंही जास्तच. ओट्याखालून कुणीतरी मूठ आपटल्यासारखं झालं आणि मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या. उसाचा ट्रक रस्त्यावरून गेला तरी असं होतं. पण ट्रकचा आवाज लांबून वाढत येतो आणि ओसरत जातो. हे सरळ खालून आलं आणि थांबलं नाही. दीपाने ते ओळखलं. तिने पुण्यात भूभौतिकी शिकताना अशा शेकडो नोंदी वाचल्या होत्या. आधी कागदावर बारीक थरथर, मग जराशी जागा, मग एकदम रुंद झालेली रेघ. पहिली लहर दाबत-ताणत येते, वेगाने येते आणि फारसं काही करत नाही. तिच्यामागून सावकाश येणारी दुसरी लहर जमिनीला आडवी हलवते, आणि जे पडायचं ते तिच्यात पडतं. दोघींमध्ये जेवढा वेळ जातो, त्यावरून भूकंप किती लांब झाला ते काढता येतं. कोयनेच्या बाजूचा असेल तर कोल्हापुरात साधारण दहा सेकंदं. आख्ख्या इमारतीत तेवढा वेळ फक्त तिच्याकडे होता. इतर सगळ्यांच्या दृष्टीने अजून ट्रकच चालला होता.

दहा सेकंदं थोडी नसतात. शाळांमधून भूकंपाची माहिती द्यायला जाते तेव्हा ती मुलांना ती मोठ्याने मोजायला लावते. दहा म्हणेपर्यंत वर्गातली सगळी मुलं बाकांखाली गेलेली असतात आणि वर हसायलाही वेळ उरतो. “वाका, झाका, धरा,” हे तिने स्वतः जुळवलेले तीन शब्द मुलं घरी जाताना रस्त्यावर ओरडत जातात. खाली वाका, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. आणि जिन्याकडे पळू नका, कारण हलत्या इमारतीत जिन्यासारखी वाईट जागा नाही. या वाक्यावर ती खडूने फळ्यावर टकटक करते. त्या सकाळी तिने आधी गॅसचं बटण बंद केलं. मग ती बाहेरच्या खोलीत आली. दाराकडे जायचा रस्ता चटईच्या कडेने होता, त्या कडेने ती गेली. तिच्या गाऊनचं टोक अक्कांच्या गुडघ्याला लागलं असावं. तिने दार उघडलं. दाराशी चपला होत्या, तिने त्या घातल्या. डाव्या पायात चप्पल सहज गेली. उजव्या चपलेचा मागचा पट्टा टाचेखाली दुमडला, म्हणून ती वाकली, पट्ट्यात बोट घातलं, आणि तेव्हा मागून हाक आली. “दीपा.” ओरडून नव्हे. किंचाळून तर नव्हेच. अंधारात शेजारी कुणी आहे का हे बघण्यासाठी मारावी तशी. तिने ती स्वच्छ ऐकली. पट्ट्यात बोट होतं तसंच होतं. मग तिने पट्टा टाचेवर ओढून घेतला आणि ती जिना उतरू लागली. पहिल्या वळणावर दुसरी लहर आली. कठडा तिच्या हाताखाली एखाद्या जनावराच्या पाठीसारखा सरकला.

ती हे पुन्हा पुन्हा तपासून पाहायची. कुठल्या तरी टप्प्यावर तिने विचार केला नसेल, शरीरानेच काय ते केलं असेल, असं काही सापडतंय का म्हणून. भीतीत माणूस पळतो, त्यात लाज कसली, असं तीच इतरांना सांगते. पण ज्याला गॅस बंद करायचं सुचतं, चपलेचा पट्टा नीट करायचं सुचतं, त्याचं शरीर एकटं पळालं असं म्हणता येत नाही. शिवाय इतर लोक न कळता पळाले, ती कळून पळाली. इतक्या वर्षांच्या शिक्षणाने तिला जे दिलं होतं, ते त्या सकाळी नेमकं वेळेवर उपयोगी पडलं होतं. तिला सगळ्यांच्या आधी कळलं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी खाली पोचली.

गेटपाशी ती एकटी उभी असताना माणसं उतरायला लागली. दुसऱ्या मजल्यावरची क्रांती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आली. “काय ओ मॅडम, मी दार उघडून बघतो तर तुम्ही गेटाभाईर! आम्हास्नी वाका म्हणून सांगताय आनि सोता पळताय व्हय?” सगळे हसले. भूकंपानंतर माणसं अशीच हसतात, जरा जास्त. दीपाही हसली. मग क्रांतीने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, “अक्का कुठं हायत?” हसू दीपाच्या तोंडावर तसंच राहिलं होतं. ती म्हणाली, “वर आहेत. सामायिकात. त्या उठल्या नाहीत.” यातला एकेक शब्द खरा होता. वर होत्या, सामायिकात होत्या, उठल्या नव्हत्या. तिने फक्त शब्द असे ठेवले, की ऐकणाऱ्याने मधल्या जागा आपल्या मनाने भराव्यात. क्रांतीने त्या भरल्या. “आगं बाई,” ती छातीवर हात ठेवून म्हणाली, “एवढं हाललं तरी न्हाईत उठल्या?”

सगळी मिळून वर गेली. दार उघडंच होतं. अक्का चटईवर होत्या तशाच बसल्या होत्या, डोळे मिटलेले, तळवे मांडीवर. मांडणीवरून एक ताटली खाली येऊन पालथी पडली होती. उंबऱ्याबाहेर बायका हात जोडून थांबल्या. गजर अजून व्हायचा होता, आणि तो होईपर्यंत कुणी हललं नाही. दीपा आत गेली होती, चटईपासून हातभर अंतरावर उभी होती. तिला अक्कांच्या पापण्या दिसत होत्या. त्या थरथरत होत्या. गजर झाला. अक्कांनी डोळे उघडले, आणि त्यांची नजर पहिल्यांदा दीपाच्या चेहऱ्यावर नाही, पायांवर गेली. “चपला काढ,” त्या म्हणाल्या. तेवढंच. दीपाने चपला काढल्या, दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि परत येऊन नेहमीसारखं काखेत हात घालून त्यांना उठवलं. त्यांचं अंग जड होतं आणि घामाने ओलं होतं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट त्यांच्या शाहूपुरी पेठेच्या बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी बस्तीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष चिमणाबाई यांचा फोन आला. मंडळाने अक्कांचा सत्कार करायचं ठरवलं होतं, आणि त्याच कार्यक्रमात दीपाने भूकंपाविषयी माहिती द्यायची. “सून शास्त्र सांगंल आनि सासू सत्कार घेईल. एका घरात दोनी, आनि काय पायजे?” चिमणाबाई फोनवर मोठ्याने बोलत, समोर बसलेल्या अक्कांना सगळं ऐकू गेलं. “कशाला ते?” अक्का म्हणाल्या. दीपाने ते फोनमध्ये सांगितलं. चिमणाबाई म्हणाल्या, “मोठी मानसं अशीच म्हणत्यात.” अक्का आणखी एकदा म्हणाल्या, “नगं म्हण की तिला.” पण नको का, याचं कारण विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. दीपाच्या लक्षात आलं, की गेटपाशी उच्चारलेल्या आपल्या एका वाक्यात अक्का आता अडकून बसल्या आहेत. चटईवरून निदान गजर झाल्यावर उठता येत होतं. मीठ त्यांनी भूकंपाच्याच संध्याकाळी सोडलं होतं. सामायिकात बोललं गेलेलं एक नाव, त्याबद्दल. त्यांनी स्वतःला शिक्षा दिली होती आणि ज्या नावासाठी दिली, त्या नावाची बाई रोज ती शिजवून वाढत होती.

आपण ऐकलं हे अक्कांना माहीत आहे की नाही, हे मात्र तिला कळत नव्हतं. कधी वाटायचं, नसावं. हाक मारली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतील, सून कधीच खाली गेली असं त्यांना वाटलं असेल. तसं असेल तर गप्प राहण्यातच दोघींची सोय होती. बोललं तर काय होणार? हाक वाया गेली एवढंच आजपर्यंत त्यांना माहीत होतं, ती ऐकूनही कुणी थांबलं नाही, हे त्यांना नव्याने कळणार. यात त्यांचं काय भलं, असं ती स्वतःला विचारायची, आणि हा प्रश्न इतका समंजस होता की तिला त्याचाच संशय यायचा. कधी जेवताना अक्का मान वर करून क्षणभर तिच्याकडे बघत. तेव्हा तिची खात्री पटायची की त्यांना सगळं माहीत आहे. मग ती मिठाची बरणी उगीचच मागे सरकवायची.

वर्तमानपत्रात आलं, की भूकंप पाच रिश्टरच्या जवळपासचा होता, हानी नाही. विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगते की हा आकडा भूकंपाचा असतो, आपला नसतो. जिथे खडक सरकला तिथे किती ऊर्जा सुटली, एवढंच तो सांगतो, आणि तो सगळ्या जगासाठी एकच असतो. कुठल्या गावात, कुठल्या घरात काय झालं, ते वेगळं मोजतात, आणि त्याला यंत्र लागत नाही. माणसांना विचारतात. झोपलेले जागे झाले का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, उभं राहता आलं का. असे प्रश्न विचारून एकेका ठिकाणाची तीव्रता ठरवतात. लहान भूकंप मऊ मातीच्या एखाद्या पट्ट्यात मोठा लागतो. ती हे शिकवत असे तेव्हा तिला त्यातली निर्दोष रचना आवडायची. आता कुणी घरोघर येऊन विचारू लागलं, तर तिच्या घराची नोंद काय होईल असं तिच्या मनात यायचं. टांगलेली वस्तू हलली, अकरा मिलिमीटर. झोपलेलं कुणी नव्हतं. एका व्यक्तीला उठता आलं नाही.

अक्कांची एक गोष्ट ती भाषणांत सांगत असे. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा अक्का कुरुंदवाडला माहेरी होत्या, शाळकरी वयाच्या. पहाटे सगळं घर हलायला लागलं. त्यांचे वडील नेमगोंडा उठले आणि धावत गोठ्यात गेले, आधी म्हैस सोडली, मग पोरांना हाका मारल्या. “आमच्या बाबांनी पयली म्हस सोडली, मग आम्हास्नी,” असं सांगताना अक्कांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू यायचं. त्यांच्या आईने नवऱ्याला ते जन्मभर ऐकवलं होतं. शाळेत मुलांना ही गोष्ट फार आवडायची. अडाणीपणामुळे घाईत माणूस कसा चुकतो याचं उदाहरण म्हणून दीपा ती सांगायची. नेमगोंडांनी निदान कुणाची तरी दोरी सोडली होती. हे तिच्या ध्यानात आलं ते भाषणाची तयारी करताना, आणि तिने ती गोष्ट टिपणांतून खोडून टाकली.

सत्कार दोडक्याची भाजी केली त्याच दिवशी दुपारी होता. बस्तीच्या सभागृहात सतरंज्यांवर बायका दाटीने बसल्या होत्या, गुडघेदुखीवाल्यांसाठी मागे खुर्च्यांची रांग होती. अक्कांना पुढे खुर्चीवर बसवलं. चिमणाबाईंनी शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं आणि माइक ओढून घेतला. “भुई हालली, पर सीताक्का न्हाय हालली,” त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. अक्कांनी शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि दुसऱ्या कुणाची तरी सांभाळायला दिल्यासारखी धरून ठेवली. बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. ते विनयात जमा झालं.

दीपा बोलायला उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिला नवल वाटलं. आपला देश ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. आपला दक्षिणेचा भाग स्थिर मानत, पण त्यातही जुन्या भेगा आहेत. मोठ्या धरणातलं पाणी त्या भेगांमध्ये मुरतं, आत दाब वाढतो, आणि आधीच ताणलेला खडक सरकायला निमित्त मिळतं. ताण वर्षानुवर्षं साठत असतो, सुटतो तो क्षणात. तिने पुढच्या रांगेतल्या बायकांना एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवायला सांगितलं आणि टोकाच्या बाईला हलकेच ढकललं. धक्का रांगेतून सरसर पोचला. मग तिला डावी-उजवीकडे डुलायला सांगितलं. ते सावकाश पोचलं, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. कपाटं भिंतीला पक्की करा, डोक्याशी जड काही ठेवू नका, जिन्याकडे पळू नका. शेवटच्या वाक्याला क्रांतीने मागून खोकल्यासारखं केलं. मागे क्रांतीशेजारी बसलेली एक बाई म्हणाली, “मॅडम, आमच्या पोरीच्या शाळंत म्हशीची गोष्ट सांगितलासा, ती सांगा की.” “आज नको,” दीपा म्हणाली.

मग खुर्च्यांच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईने हात वर केला. त्या धोंडुबाई. “एक इचारू का? आम्ही सामायिकात असलो, गुडघं धरल्यात, उठाय येत न्हाय, आनि हालाय लागलं. तवा काय करायचं?” हा प्रश्न दीपाला कुठल्याही शाळेत कुणी विचारला नव्हता. टेबलाखाली जा, हे उत्तर इथे चालत नव्हतं. तिने अक्कांकडे पाहिलं नाही. “हाक मारायची,” ती म्हणाली. चिमणाबाई लगेच म्हणाल्या, “बोललं की मोडलं ते.” “तरी मारायची,” दीपा म्हणाली. “घरात कुणी असेल त्याला हाक मारायची.” धोंडुबाई हात उडवत म्हणाल्या, “आमची सून टीव्हीफुडं असती. बाँब पडला तरी तिला ऐकाय जात न्हाय.” सगळ्या हसल्या. “मोडण्यापरास बसलेलंच बरं,” आणखी कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. आता दीपाने पाहिलं. अक्का हसत नव्हत्या. मांडीवरच्या शालीची घडी घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून.

दोघी रिक्षातून परतल्या. ऊन अजून होतं. अक्का सूर्यास्ताच्या आत जेवतात, म्हणून दीपाने घरी येऊन हात धुतले आणि लगेच ताट घेतलं. भाकरी, झाकून ठेवलेल्या वाटीतली दोडक्याची भाजी, वाटीभर आमटी. अरिहंत यायला वेळ होता. पंखा चालू होता आणि दिनदर्शिकेचा कोपरा भिंतीवर कुरकुरत होता. तिने ताट अक्कांच्या पुढे ठेवलं आणि समोर बसली. रोज ती या वेळी ओट्याकडे परत जायची. आज गेली नाही. अक्कांनी भाकरी मोडली. तुकडा भाजीला लावला, आणि तोंडात न घालता ताटाच्या कडेला ठेवला.

“बरं बोललीस आज,” त्या म्हणाल्या.

दीपाने आमटीची वाटी त्यांच्याजवळ सरकवली.

“म्या काय म्हणते, त्या दिशी.” अक्का ताटाकडे बघत होत्या. “जिन्यात लई गलका असंल न्हवं? सगळी एकदम पळत सुटली असतील. एवढ्या मानसांत कुणाचं कुणाला ऐकाय येतंय.”

दीपाला आधी वाटलं, की हा प्रश्न आहे. मग तिला दिसलं, की हा प्रश्न नाही. या बाईने तो गलका इतके दिवस जमवला असला पाहिजे, एकेक पाऊल, एकेक दार, एकेक ओरडणं. अळणी घास चावता चावता त्यांनी एक भरलेला, आवाज करणारा जिना तयार केला होता आणि आता तो तिच्यापुढे ठेवला होता. त्यात शिरायचं आणि हो म्हणायचं, इतकंच बाकी होतं. हो म्हटलं की उद्या कदाचित आमटीत मीठही पडेल, क्रांतीची थट्टा जुनी होईल, भिंतीला नवा रंग लागेल. तिला त्या जिन्याची खरी शांतता आठवली. बंद दारं, कुणाच्या तरी घरातला मिक्सरचा आवाज, खालून आलेला साबणाचा वास. क्रांती तेव्हा आरशासमोर असेल. कुणाला काही कळलंच नव्हतं. गलका झाला तो नंतर, दुसऱ्या लहरीनंतर, आणि तोपर्यंत ती वळणावर पोचली होती. हाक आणि गलका यांच्यामध्ये किती अंतर होतं हे कुणी तिला विचारलं असतं, तर तिने ते काढून दिलं असतं.

“नव्हता, अक्का,” ती म्हणाली. “जिन्यात कुणीच नव्हतं.”

अक्कांनी मान वर केली. पायांकडे नाही, ताटाकडे नाही, सरळ तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दीपाने तो शोधला, कारण तो सापडला असता तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त बघितलं, बराच वेळ, आणि मग तो तुकडा पुन्हा उचलला.

दीपा उठली. ओट्यावरून मिठाची बरणी घेऊन आली, झाकण काढून ती ताटाच्या उजव्या बाजूला ठेवली. अक्कांचा हात सवयीने आडवा झाला. तिने तो धरला, आणि तो किती हलका आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं.

“मीठ तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “आजपासून मी सोडलं.”